माझ्या डोक्याच्या चिठ्ठ्या

देवळालीत माझ्या पाठीमागे लोक मला ‘चिठ्ठीसाहेब’ म्हणत, हे मला आजारी पडेपर्यंत ठाऊक नव्हतं. मी कालव्यावरचा इन्स्पेक्टर. भंडारदऱ्याहून सुटलेलं पाणी आमच्या भागात आलं की ते कुणाच्या उसाला, कोणत्या दिवशी आणि किती वेळ द्यायचं, हे बघणं माझं काम. माझ्या हाताखाली पाटकरी होते. कालव्याच्या काठाने दिवसभर चालायचं, शेतांकडे जाणाऱ्या मोऱ्या उघडायच्या, बंद करायच्या, हे पाटकऱ्याचं काम. ते चालत आणि मी चिठ्ठ्या लिहीत असे. कानामागे पेन्सिल, खिशात कागदाचे चिठोरे. कुठे पाणी एक बोट कमी दिसलं की काढ चिठ्ठी, कर कुणालातरी हुकूम.

माझ्या हृदयाला झटका आला त्याला आता दोन वर्षं होतील. हे लिहायला बसलो त्याचं कारण राहुरीचे एक मास्तर. त्यांना माझ्यासारखंच झालं आहे आणि ते सध्या उताणे पडून छताचे वासे मोजत आहेत. त्यांची बायको माझ्या बायकोकडे, वत्सलाकडे, विचारपूस करायला आली होती. मी म्हटलं, मी जाऊन भेटतो त्यांना. वत्सला म्हणाली, “तुमी नका जाऊ. तुमी गेलात की भासन द्याल आन त्यांना घाम फुटंल. लिहून द्या. वाचतील सावकाश.”

म्हणून लिहितो. मास्तर, चूकभूल द्यावी घ्यावी.

ओव्याची फक्की

दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरचा तो पहिला उन्हाळा. उन्हाळी पाळी चालू होती, म्हणजे कालव्याला ठरल्या दिवसांपुरतं पाणी आलेलं होतं. सकाळी भाकरी आणि ठेचा खाऊन मी काठाने निघालो. बरोबर दादामियाँ. हा माझा सगळ्यात जुना पाटकरी, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, खांद्यावर फावडं आणि डोक्याला विटलेलं मुंडासं. त्याला लिहिता येत नाही. कालव्याचा एकूण एक दगड मात्र त्याला नावानिशी माहीत आहे.

ऊन डोक्यावर यायच्या सुमाराला छातीत कळ आली. कुणीतरी छातीवर गुडघा रोवून बसावं तशी. मी ठेच्याला शिव्या दिल्या. दादामियाँच्या कनवटीला ओव्याची पुरचुंडी असायची. त्याची एक फक्की मारली, वर पाणी प्यायलो आणि पुढे दोन मैल चाललो. ही माझी पहिली चूक. कृपा करून ती कुणी करू नये. डावा हात जड झाला, सदरा घामाने चिंब झाला, तरी मी चाललोच.

“सायेब, तुमचं त्वांड राखंवानी झालंय. बसा हितं.”

“पुढची मोरी बघतो आणि बसतो.”

“मोरी काय पळून चाललीय व्हय?”

मोरी पळाली नाही. मी मात्र तिच्यापाशी बसलो तो उठलोच नाही. दादामियाँने मला पाठीवर घेतलं. साठीला टेकलेला माणूस, त्याने मला रस्त्यापर्यंत वाहून नेलं. तिथून एका उसाच्या गाडीत, मग राहुरी स्टेशनावरून रेल्वेने नगरला. वत्सला गाडीत माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती एक शब्द बोलली नाही आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटली. एरवी ती गप्प बसणारी बाई नव्हे.

सहा आठवडे

इस्पितळातले डॉक्टर पाटोळे बुटके, जाड चष्म्याचे, अगदी हळू बोलणारे. त्यांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि वत्सलाला बाहेर बोलावलं. ती परत आली तेव्हा तिने पदर तोंडाला लावला होता. मला राग आला. आयुष्यभर सगळ्यांच्या आधी मला खबर लागायची आणि आज माझीच खबर मला शेवटी.

“डॉक्टर, जे असेल ते मला सांगा. मी इन्स्पेक्टर आहे.”

त्यांनी खुर्ची ओढली. “हृदयाला रक्त देणारी एक बारीक नळी बंद पडली. तिच्या हद्दीतला हृदयाचा तुकडा मेला. तो परत जिवंत व्हायचा नाही.”

“मग?”

“मग सहा आठवडे उताणं पडायचं. कुशीवर वळायचं तर सिस्टर वळवतील. दाढीसुद्धा स्वतःच्या हाताने करायची नाही.”

मला मरणाची भीती वाटली, हे इथे सरळ लिहून टाकतो. माझी मुलगी कुसुम तेव्हा चौदा वर्षांची होती. तिला आमच्या गावी, भंडारदऱ्याकडच्या अकोल्याला, माझ्या भावाकडे पाठवलं होतं. ती मला शेवटची कुठल्या कपड्यात दिसली ते आठवेना आणि तेवढ्यासाठी मी भिंतीकडे तोंड करून रडलो. हृदयाचा तुकडा मेला हे ऐकून रडू आलं नव्हतं.

पडून राहण्याची सवय लागायला चार दिवस लागले. शौचाचं भांडं अंथरुणात आणतात त्याची लाज आठ दिवस पुरली, मग तीही सरली. सकाळी सिस्टर येऊन तोंड पुसायची, मग हृदयासाठी डिजिटॅलिसची गोळी, मग पेज, मग दुपार. दुपार तर संपता संपायची नाही. खिडकीबाहेर एक कडुनिंब होता. त्याच्यावर कावळ्याच्या जोडीने घरटं बांधायला काढलं होतं आणि त्यांचं काम कसं चुकतंय हे मी वत्सलाला रोज सांगत असे. “त्यांना पन चिठ्ठी पाठवा,” ती म्हणाली. लोक मला चिठ्ठीसाहेब म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. बोलून गेल्यावर तिने जीभ चावली, पण उशीर झाला होता. मी दिवसभर फुगून बसलो, म्हणजे फुगून पडलो. तिने फिकीर केली नाही.

तहान

तिसऱ्या आठवड्यात पाय सुजले. उताणं पडलं की दम लागायचा, म्हणून पाठीला तीन उशा आल्या. वत्सला नडगीवर अंगठा दाबायची आणि अंगठा काढला की तिथे खळगा राहायचा. डॉक्टरांनी मीठ बंद केलं. दिवसाला सहा फुलपात्री पाणी, त्यात पेज आणि औषधही आलं. लघवी होण्याचं इंजेक्शन सुरू केलं.

वत्सलाने तिच्या शिवणाच्या डब्यातला एक जाड दोरा घेतला, माझ्या उजव्या घोट्याभोवती गुंडाळला आणि त्याचं एक टोक फिरून दोऱ्याला जिथे भेटलं तिथे दोऱ्यावर खुणेची गाठ मारली. रोज सकाळी ती तोच दोरा लावून बघायची. गाठीपलीकडे टोक उरलं तर सूज उतरली. गाठीपर्यंत पोचलंच नाही तर चढली. आम्ही कालव्यात पाण्याची उंची बघायला खांबावर पट्टी लावतो, तिला गेज म्हणतात. मी म्हटलं, हा माझा गेज झाला. ती म्हणाली, “जे म्हनायचं ते म्हना, पन पाय हलवू नका.”

आता तहानेबद्दल. मास्तर, तुम्हाला ती लागली असेलच. मी अकोल्याच्या डोंगरातला. लहानपणी भातखाचरात गुडघाभर पाण्यात उभा राहून वाढलेला. नोकरी पाण्याची. आणि मी सहा फुलपात्र्यांवर आलो. जीभ टाळ्याला चिकटायची. डोळे मिटले की ओढ्याचा आवाज यायचा. शेजारच्या खाटेवरचा माणूस तांब्या तोंडाला लावायचा तेव्हा त्याच्या गळ्याची घाटी वरखाली होताना मी बघत राहायचो, आणि त्या निरपराध माणसाचा मला संताप यायचा.

वत्सलाची बहीण भेटायला आली तेव्हा कैरीच्या लोणच्याची एक छोटी बरणी ठेवून गेली. वत्सलाने ती खाटेखाली सरकवली. तोंडाला कापडाचा दादरा घट्ट बांधलेला होता. ती दुपारी धुणं धुवायला हौदावर जायची. तेवढ्या वेळात मी खाटेवरून हात खाली सोडला, दादरा सोडला आणि एक फोड तोंडात टाकली. त्या फोडीच्या चवीचं काय सांगू! मग तिच्या पिण्याच्या तांब्यातलं पाणी प्यायलो, निम्मं नव्हे, सगळं. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. तिसऱ्या दिवशी दोन फोडी खाल्ल्या आणि बोटं चाटली.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला मला श्वास घेता येईना. छातीत पाणी खळखळल्यासारखा आवाज येत होता, तोंडाला फेस. मला उठवून बसवलं, पाय खाटेखाली सोडले, दंडात सुई टोचली. एवढं आठवतं की वत्सलाने माझा हात धरला होता आणि ती सारखी म्हणत होती, “बगा माज्याकडं, माज्याकडं बगा.” मी बघत राहिलो.

दोरा खोटं बोलत नाही

सकाळी डॉक्टर पाटोळे माझ्या खाटेवरच बसले. “पाणी किती पीत होता?”

“सहा फुलपात्री.”

वत्सलाने दोरा माझ्या पुढ्यात टाकला. टोक गाठीपासून चार बोटं अलीकडे राहिलं होतं. “मंग ह्यो दोरा खोटं बोलतोय व्हय?” तिने खाटेखालून बरणी काढली. पांढऱ्या दादऱ्यावर माझ्या तेलकट बोटांचे लाल ठसे उमटले होते. मी बोटं चादरीखाली घेतली.

“मी इतकं दीस तुमच्यासंगं अळनी खातेय,” ती म्हणाली. “ह्या बरनीला मी हात लावला न्हाई. म्हटलं, ह्ये घरी येतील तवा उघडू. मी काय वैरीन हाय का तुमची?”

आणि ती रडायला लागली, डॉक्टरांसमोर, सिस्टरसमोर, सगळ्या वॉर्डासमोर. ती माझ्याबरोबर अळणी खातेय, हे मला इतके दिवस दिसलंच नव्हतं. ताट तिच्यासमोर असायचं आणि माझं लक्ष तिच्या तांब्यावर असायचं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती, नंतरही वाटलेली नाही.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यामुळे मीच चिडून विचारलं, “तुम्ही म्हणता अंगात पाणी साचलंय. मग मला एवढी तहान का लागते? पाय पाण्याने टम्म आणि घसा कोरडा, हा कुठला न्याय?”

त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, “तहान घशाला लागत नाही, डोक्याला लागते. तुमच्या मेंदूला हृदय दिसत नाही. त्याला फक्त एवढंच कळतं, की पूर्वीसारखा रक्ताचा जोर उरलेला नाही. आता जोर कमी झाला म्हणजे काय झालं असेल? त्याला एकच शिकवण आहे. एक तर जखम होऊन रक्त वाहून गेलं, नाही तर अंग सुकलं. म्हणून तो हुकूम सोडतो. हृदयाला म्हणतो, पळ. रक्ताच्या नळ्यांना म्हणतो, आवळा. मूत्रपिंडांना म्हणतो, मीठ आणि पाणी थेंबभर सोडू नका. आणि तुम्हाला म्हणतो, प्या.”

“आणि हृदय?”

“हृदय अधू. त्याच्याने आहे तेच पाणी ओढवत नाही, त्यात हा भर घालतो. हृदय आणखी थकतं, जोर आणखी कमी होतो, मेंदू आणखी हुकूम सोडतो. पहिले दोन-चार दिवस त्याच्याच हुकमांनी तुम्हाला जगवलं, हेही खरं. पण त्याला थांबायचं कधी ते कळत नाही. आम्हालाही यातलं सगळं कळलेलं नाही. पण इतकं मी खाटेखाटेवर बघितलंय.” मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, “कालच्यासारखा लोंढा पुन्हा आला तर मी शब्द देऊ शकत नाही.”

डॉक्टरांना वाटलं मी घाबरलो. घाबरलो होतोच, पण त्याहून जास्त मी चकित झालो होतो. कारण हे सगळं मी एकदा स्वतःच्या हाताने केलेलं होतं.

भगदाड

देवळालीतलं माझं पहिलं वर्ष. कालव्याचं शेवटचं टोक, ज्याला आमच्याकडे सगळे टेल म्हणतात, तिथलं पाणी एका सकाळी फूटभर उतरलं. टेलचे शेतकरी दारात. मी काय केलं? चिठ्ठी काढली. ‘टेलला पाणी पोचत नाही, वरून पाणी वाढवा.’ सायकलवरून माणूस पिटाळला. पाणी वाढलं, टेल होतं तिथेच. दुसरी चिठ्ठी. टेल आणखी उतरलं. तिसरी चिठ्ठी, खाली दोन रेघा ओढून.

दादामियाँ कुणाला न विचारता काठाने चालत सुटला होता. संध्याकाळी तो कमरेपर्यंत चिखलात भिजून आला.

“सायेब, चिठ्ठ्या थांबवा. वर पाट फुटलाय.”

“कुठे?”

“खेकड्यानं बीळ केलं हुतं, तितनं. सकाळी माज्या मुठीएवढं भगदाड आसंल. तुमचं पानी येतंय तसं ते वाढतंय. आता बैलगाडी जाईल त्यातनं.”

ते बुजवायला आठ दिवस लागले. एका माणसाची घरामागची बाग वाहून गेली. पहिली चिठ्ठी लिहिण्याआधी मी नुसता काठाने चालत गेलो असतो, तर दोन पाट्या मातीत काम भागलं असतं.

डॉक्टरांना मी हे सांगितलं. त्यांनी हसून मान डोलावली. “मग तुमच्या डोक्यात तुमच्यासारखाच एक इन्स्पेक्टर बसलाय म्हणायचा.”

वत्सला डोळे पुसत म्हणाली, “आसं व्हय? मंग आपल्याला दादामियाँ लागंल.”

फुलपात्र्यांची पाळी

तो दादामियाँ तीच झाली. तिने सहा फुलपात्र्यांची पाळी लावली. सकाळचं एक, औषधाबरोबर अर्धं, जेवताना एक, असं. मी विनवण्या केल्या, चिडलो, एकदा फुलपात्र फेकलंसुद्धा. ती जागची हलली नाही. “पाळी नसताना कुनी बोंबललं म्हनून मोरी उघडत न्हाईत. तुमीच सांगत हुता ना समद्यांना?”

तहान लागली की मी आधी दोऱ्याकडे बघायचं, असं ठरलं. दोऱ्याचं टोक गाठीपर्यंत पोचत नसेल तर अंगात पाणी आहे आणि ही तहान म्हणजे वरून आलेली नुसती चिठ्ठी. चिठ्ठी आली म्हणून हुकूम पाळलाच पाहिजे असं नाही. मग तोंडात लवंग धरायची, ओठांवर ओलं फडकं फिरवायचं, कावळ्यांकडे बघायचं. तहान जाते असं मी म्हणणार नाही. पण ती कुणाची आहे हे कळलं की तिच्याशी भांडता येतं.

भेटायला येणारे सगळे एकच सांगत. “मन खंबीर ठेवा.” “काळजी करू नका, काळजीनेच हे होतं.” त्यांचा हेतू चांगला असतो, पण मास्तर, तुम्हाला कुणी असं म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका. मला वाटायचं, म्हणजे मी भित्रा म्हणून आजारी. एकदा डॉक्टरांना तसं विचारलं. ते म्हणाले, “हात भाजल्यावर मागे घेणारा माणूस भित्रा असतो का? हे त्याच्याही खाली चालतं, तुमच्या इच्छेला न विचारता. तुम्ही त्याला थांबवू शकत नाही. फक्त त्याला नवं काम देऊ नका. चिडलात, धावलात, मीठ खाल्लंत की त्याला निमित्त मिळतं.” हे ऐकल्यापासून माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं.

दोरा हळूहळू सैल झाला. सहाचे आठ आठवडे झाले. निघायच्या दिवशी मी स्वतःच्या पायाने खिडकीपर्यंत गेलो. कावळ्याचं घरटं माझ्या मते अगदी चुकीच्या फांदीवर होतं, आणि त्यात तीन पिल्लं चोची वासून बसलेली होती.

कागद आणि पेन्सिल

घरी आल्यावर खाट ओसरीवर टाकली. कुसुम अकोल्याहून आली, माझ्याकडे बघून म्हणाली, “बाबा, तुमचे कान मोठे झालेत.” गाल आत गेले होते म्हणून. खूप दिवसांनी घरात हसू आलं.

मी रजेवर होतो आणि कामाचा विषय काढायचा नाही अशी वत्सलाची ताकीद होती. पण टेलच्या शेतकऱ्यांना ताकीद कोण देणार? एका सकाळी चौघे जण थेट ओसरीपाशी आले. “सायेब, टेलला कालपून पानी न्हाई. ऊस वाळतोय. तुमी एक चिठ्ठी द्या वर.”

माझ्या छातीत धडधड सुरू झाली. कानशिलं उडायला लागली, घसा एका क्षणात कोरडा पडला. मी म्हटलं, “कुसुम, कागद-पेन्सिल आण.”

कुसुम आईकडे बघत उभी राहिली. वत्सला आत गेली आणि तिनेच कागद-पेन्सिल आणून माझ्या मांडीवर ठेवली. मला वाटलं, आता ही ओरडणार. ती ओरडली नाही. तिने माझा उजवा हात धरला आणि माझ्याच छातीवर ठेवला.

“लिहा,” ती म्हणाली. “पन आदी बगा, कोन लिहायला सांगतंय.”

हाताखाली हृदय उधळलेलं होतं. डॉक्टरांचा शब्द आठवला, पुन्हा लोंढा आला तर. समोर चार माणसं उभी, त्यांचा ऊस खरोखर वाळत होता. त्यांचं काही चुकत नव्हतं. बारा वर्षांत टेलवाल्याला मी रिकाम्या हाताने परत पाठवलं नव्हतं. पेन्सिल बोटांत होती आणि ती खाली ठेवणं मला दोन मैल चालण्यापेक्षा जड गेलं.

“दादामियाँ कुठे आहे?” मी विचारलं.

“सकाळधरनं दिसला न्हाई.”

“म्हणजे तो काठाने गेलाय. तो येईपर्यंत चिठ्ठी नाही.”

ते नाराज होऊन गेले. एक जण जाताना पुटपुटला, “सायेब पार मऊ झाले.” मी ते ऐकलं. वत्सलाने पाणी दिलं, अर्धं फुलपात्र, पाळीतलंच. तो दिवस इस्पितळातल्या कुठल्याही दुपारपेक्षा लांब होता. वर पाट फुटला असेल, गाळाने बुजला असेल, कोण बघत असेल, असे शंभर हुकूम डोक्यात तयार होत होते. मी एकेक सोडून देत होतो. दुपारी माझा डोळा लागला. असं पाळी चालू असताना कधी झालं नव्हतं.

उन्हं उतरल्यावर दादामियाँ आला. फावडं भिंतीला लावलं, पायरीवर बसला, कुसुमने दिलेला तांब्या घटाघटा रिकामा केला. मी त्याच्या गळ्याच्या घाटीकडे बघितलं आणि मला त्याचा राग आला नाही.

“वर झाड पडलं हुतं पाटात,” तो म्हणाला. “त्याला गवात अडाकलं, आन पानी तटलं. पाट फुगला हुता पार काठापत्तुर. झाड तोडलं. पानी पोचलं टेलला.”

“कधी?”

“दुपारीच.”

“आणि मी वरून पाणी मागवलं असतं तर?”

“तर काठावरनं गेलं आसतं की. सायेब, एक बोलू? राग मानू नका.”

“बोल.”

“तुमी पडल्यापून दोन पाळ्या झाल्या, ही तिसरी. समद्या टेलला पोचल्या.”

माझ्याशिवाय. एकाही चिठ्ठीशिवाय. आधी मला मनातून लागलं, खोटं का बोलू? बारा वर्षं कानामागे पेन्सिल ठेवून मी जे वाहत ठेवलं असं मला वाटत होतं, ते दादामियाँच्या पायांवर वाहत होतं. मग मला हसू आलं, आणि हसता हसता लक्षात आलं की छातीतली धडधड कधीच थांबलीय. ती कधी थांबली ते मला कळलंसुद्धा नव्हतं. मी तिकडे बघत नव्हतो तेव्हा हृदयाने आपलं काम आपलं केलं होतं.

आता

आता मी ऑफिसात बसून काम करतो. काठाने पहिल्या मोरीपर्यंत चालत जातो आणि परत येतो, बरोबर दादामियाँचा धाकटा भाऊ असतो, कारण दादामियाँने आता फावडं ठेवलंय. मेलेला तुकडा मेलेलाच आहे. जिना चढलो की दम लागतो. अळणी भाजीची सवय झाली आहे असं मी लोकांना सांगतो, ती झालेली नाही. डोक्यातला इन्स्पेक्टर अजून बदलीवर गेलेला नाही. त्याच्या चिठ्ठ्या येतात, उन्हाळ्यात जास्त येतात. मी त्या वाचतो आणि बाजूला ठेवतो. बरा दिवस म्हणजे काय, हे मला पूर्वी ठाऊक नव्हतं. आता सकाळी उठल्यावर पाय हलके लागले की मला ते पुरतं.

मास्तर, तुमच्या घोट्याला एक दोरा बांधून घ्या, आणि तो बघायला तुमच्याहून हट्टी माणूस ठेवा. तुमच्या घरी तो आहे, वहिनींना मी आमच्या ओसरीवर बोलताना ऐकलंय.

या उन्हाळ्यात वत्सलाने दोन वर्षांनी पहिल्यांदा लोणचं घातलं, कुसुमसाठी. आता ती दोघींपुरतं मिठाचं जेवण वेगळं करते, मीच तिला तसं करायला लावलं. बरणी भरून तिने दादरा बांधला. बघतो तर बांधायला घेतलेला दोरा ओळखीचा, मध्ये काळपट पडलेली गाठ.

“अगं, तो माझा गेज आहे!”

“तुमचा पाय आता बारीक झालाय, तुमाला नवा दोरा केलाय,” ती म्हणाली, आणि गाठ अगदी समोर, मला दिसेल अशी फिरवली. “ह्यो हितंच बरा. तुमचा पाट हितंच फुटला हुता.”